आनंदीबाईंची डोकेदुखी

कल्याण, डोंबिवली किंवा ठाण्यातल्या कुठल्याही मराठी शाळेत जा. जिन्याच्या भिंतीवर थोर स्त्रियांची चित्रं ओळीनं लावलेली असतात आणि त्यात डॉ. आनंदीबाई जोशी हमखास असतात. कल्याणकरांना तर त्यांचं विशेष अप्रूप. आपल्या गावची लेक परदेशी गेली, पहिली डॉक्टरीण झाली, ही गोष्ट इथं आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना पाठ असते. गोष्टीचा शेवटही ठरलेला असतो. इतक्या अडचणींतून ती शिकली, तेव्हा मुलांनो, तुम्हीही रडगाणं न गाता अभ्यास करा!

या गोष्टीत एक तपशील बहुधा गाळला जातो. आनंदीबाईंचं डोकं फार दुखायचं. ताप यायचा, अशक्तपणा असायचा, कधी कधी धाप लागायची. हे सारं अमेरिकेला जाण्याआधीपासून होतं आणि तिथं शिकताना वाढत गेलं.

वैद्यकीय, दंतवैद्यक, आयुर्वेद, परिचर्या, भौतिकोपचार अशा आरोग्याशी निगडित अभ्यासक्रमांतली मुलं आज मोठ्या ताणाखाली आहेत, असं आपण वारंवार वाचतो. मी इतिहासाचा माणूस आहे, वैद्यकाचा नव्हे. मनाची चिकित्सा तज्ज्ञांनी करावी. मला एवढंच पाहायचं आहे की हा ताण नवा आहे का आणि त्याची मुळं कुठं आहेत. ‘आमच्या वेळी नव्हतं बुवा असलं काही’ हे वाक्य मी निवृत्त डॉक्टरांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं आहे. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. तेव्हाही हे सगळं होतं, फक्त ते लिहून ठेवण्याची रीत नव्हती.

आनंदीबाईंच्या बाबतीत ते लिहिलं गेलं, हे आपलं भाग्य. त्यांनी पतीला आणि अमेरिकेतल्या आपल्या स्नेही थिओडिशिया कार्पेंटर यांना विस्तारानं पत्रं लिहिली. कॅरोलिन डॉल या अमेरिकन लेखिकेनं १८८८ मध्ये इंग्रजीत त्यांचं चरित्र प्रसिद्ध केलं, पाठोपाठ काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिलं. पुढे श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी घरोघर गेली आणि अंजली कीर्तने व मीरा कोसंबी यांनी मूळ कागदपत्रांच्या आधारे खूप बारकाईनं काम केलं. त्यामुळे एकशेचाळीस वर्षांपूर्वीची एक वैद्यकीय विद्यार्थिनी कशी राहत होती, काय खात होती, तिला कशाची काळजी वाटत होती, हे आज आपल्याला बरंच नेमकेपणानं सांगता येतं.

आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५, पुण्याचा. पण घराणं कल्याणच्या जोशांचं. एके काळी श्रीमंत असलेलं आणि पुढे उतरती कळा लागलेलं. १८७४ मध्ये वयाच्या नवव्या वर्षी त्यांचं लग्न गोपाळराव जोशी या संगमनेरच्या बिजवराशी झालं. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते, वयानं सुमारे वीस वर्षांनी मोठे होते आणि बायकोनं शिकलंच पाहिजे या एका ध्यासानं भारलेले होते. काळाचा विचार करता हा ध्यास असामान्य होता, यात शंका नाही. पण त्याची दुसरी बाजूही होती. ज्या वयात मुली सागरगोटे खेळत, त्या वयात यमूला अभ्यास झाला नाही म्हणून मार बसे. दहाव्या वर्षी लाकडाचा मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या नि पुस्तकं, चौदाव्या वर्षी सोडून जाण्याच्या धमक्या. हे कुणा टीकाकारानं लिहिलेलं नाही. अमेरिकेतून नवऱ्याला पाठवलेल्या एका पत्रात खुद्द आनंदीबाईंनी त्याला याची आठवण करून दिली आहे. त्याच पत्रात त्या असंही सांगतात, की तुमचं वागणं चांगलं होतं की वाईट हे ठरवणं फार कठीण आहे, कारण हेतू आणि परिणाम पाहिला तर ते योग्यच वाटतं, पण कोवळ्या मनावर त्याचा काय परिणाम झाला असेल याचा विचार केला तर वेगळं वाटतं. एकोणिसाव्या शतकातल्या एका विशीतल्या मुलीनं केलेलं हे विश्लेषण वाचून आजही थक्क व्हायला होतं.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, ही खंत त्यांच्या मनात घर करून राहिली. शिकायचं हा हट्ट नवऱ्याचा होता, पण डॉक्टर व्हायचं ही गरज मात्र आनंदीबाईंना स्वतःला पटलेली होती. लाजेकाजेपायी पुरुष डॉक्टरकडे न जाणाऱ्या बायकांसाठी बाईच डॉक्टर हवी, हे त्यांनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर इथं जाहीर सभेत इंग्रजीतून भाषण करून सांगितलं.

ते भाषण झालं तेव्हा त्यांची तब्येत मुळीच ठीक नव्हती. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधं पाठवली होती, त्यांचाही गुण आला नव्हता. तरीही एप्रिल १८८३ मध्ये त्या बोटीवर चढल्या. नवरा बरोबर नाही, सोबतीला मिशनरी बायका आणि त्यांचा धर्मांतराचा लकडा, पुढे दोन महिन्यांचा समुद्र. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि उन्हाळा कार्पेंटर कुटुंबाकडे, न्यूजर्सीतल्या रोझेल इथं काढला. या बाईंना त्या मावशी म्हणत. ऑक्टोबरमध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या.

महाविद्यालय चांगलं होतं. अधिष्ठाता रेचल बॉडली यांना या मुलीविषयी मनापासून आस्था होती, शिष्यवृत्तीही मिळाली. तरीही दिवस कसे गेले पाहा. राहायच्या खोलीतली शेगडी नीट जळत नसे. पेटवली की खोलीभर धूर, न पेटवावी तर हाडं गोठवणारी थंडी. अन्न शाकाहारीच हवं आणि तेही बहुधा स्वतः रांधलेलं. नऊवारी लुगड्यात पाय उघडे राहत, म्हणून त्यांनी विचारपूर्वक गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. आता हा निर्णय साधा वाटतो, पण हजारो मैलांवर बसलेल्या नवऱ्याला त्याचं पत्रानं स्पष्टीकरण द्यावं लागत होतं.

ही पत्रं हा वेगळाच विषय आहे. एकीकडे गोपाळराव अभिमानानं फुलून जात, दुसरीकडे बायको आपल्या हाताबाहेर जाते की काय या संशयानं पोळणारी पत्रं पाठवत. एका टपालाला उत्तर यायला कित्येक आठवडे लागत. म्हणजे एक बोचरं वाक्य मनात घेऊन शवविच्छेदनाच्या वर्गात बसायचं आणि त्याचा खुलासा पोचेपर्यंत दोन-अडीच महिने झुरायचं. १८८५ मध्ये गोपाळराव स्वतः अमेरिकेत पोचले. तिथं त्यांनी व्याख्यानांतून अमेरिकन बायकांवर आणि समाजावर टीकेची झोड उठवली. ज्या लोकांच्या मदतीवर बायको शिकत होती, त्यांच्याच घरी बसून!

आणखी एक ओझं होतं. त्याला आजच्या भाषेत आपण प्रतिनिधित्वाचं ओझं म्हणू. त्या नुसत्या विद्यार्थिनी नव्हत्या, त्या सगळ्या हिंदुस्थानच्या बायका होत्या. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्या श्रीरामपूरला जाहीर बोलल्या होत्या. आजारपणात आहार बदलला असता तर इकडे बाटली म्हणून हाकाटी झाली असती. अभ्यास सोडून परत आल्या असत्या तर बायकांना शिकवून काय उपयोग, हे म्हणायला लोक टपलेलेच होते. नापास होण्याची, आजारी पडण्याची, थकण्याची मुभा त्यांना कुणीच ठेवली नव्हती.

तरी ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ करण्यात आली. पण वर्ष संपता संपता त्या मायदेशी आल्या तेव्हा क्षयानं शरीर पोखरलेलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षं पूर्ण व्हायला महिनाभर होता. एकाही रुग्णाला स्वतंत्रपणे तपासायची संधी त्यांना मिळाली नाही. त्यांच्या अस्थी पुढे कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत.

इथं थोडं सावध राहायला हवं. ताणानं आनंदीबाईंचा बळी घेतला, असं मी म्हणणार नाही. क्षय जंतूमुळे होतो. रॉबर्ट कॉख यांनी तो जंतू १८८२ मध्येच, म्हणजे आनंदीबाई निघण्याच्या आदल्या वर्षी, दाखवून दिला होता, पण त्यावरचं औषध यायला १९४०चं दशक उजाडलं. मात्र अपुरं अन्न, थंडी, धूर, जागरणं आणि सततची चिंता यांनी दुबळ्या झालेल्या शरीराला क्षय अधिक सहज गाठतो, हेही वैद्यकच सांगतं.

या कथेला जोड म्हणून दुसरी एक मराठी डॉक्टरीण आठवते. डॉ. रखमाबाई. आनंदीबाईंहून त्या काही महिन्यांनीच मोठ्या, जन्म १८६४चा, मुंबईतला. अकराव्या वर्षी लग्न झालं, पण त्या नवऱ्याकडे नांदायला गेल्याच नाहीत. १८८४ मध्ये नवऱ्यानं, दादाजी भिकाजींनी, दावा लावला. मार्च १८८७ मध्ये, म्हणजे आनंदीबाईंना जाऊन पुरते काही दिवसही झाले नव्हते तेव्हा, न्यायालयानं नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा असा निकाल दिला आणि रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. प्रकरण १८८८ मध्ये तडजोडीनं मिटलं. दुसऱ्या वर्षी त्या लंडनला स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, १८९४ मध्ये शिक्षण पूर्ण केलं आणि पुढे सुरत व राजकोट इथं कित्येक वर्षं रुग्णसेवा केली. १९५५ मध्ये नव्वदी ओलांडण्याच्या सुमारास त्या वारल्या.

दोघींच्या प्रकृतीत मुळात फरक असणार, नशिबाचाही भाग असणार. दोनच आयुष्यांवरून नियम काढू नये. पण दोघींना मिळालेली परिस्थिती शेजारी शेजारी ठेवून पाहायला हरकत नाही. रखमाबाईंना छळ कमी झाला नाही, सगळ्या देशातली वर्तमानपत्रं त्यांच्यावर तुटून पडली होती. पण शिकायचं की नाही हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे स्वतः वैद्यकातले, ते असेपर्यंत घर त्यांच्या बाजूनं उभं होतं. कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांच्यासारखी, त्या वाटेवरून आधी चालून गेलेली बाई पाठीशी होती. पैशांची सोय पाठीराख्यांनी मिळून केली होती. स्वतःची निवड, घरचा आधार, पुढे गेलेल्या माणसाचा हात आणि पैशांची निश्चिंती, या चार गोष्टी मोठं संकटही पेलू शकतात, असं निदान या एका उदाहरणात दिसतं.

आता हीच चार सूत्रं हातात घेऊन आपल्या आजूबाजूला पाहू.

पहिलं सूत्र निवडीचं. आज बायकोला लाकडानं मारून डॉक्टर करणारा नवरा नाही, पण दहावीच्या निकालाच्या दिवशीच मुलीला ‘आमची डॉक्टर’ म्हणणारं घर आहे. ‘नीट’ या प्रवेश परीक्षेला २०२४ मध्ये देशभरातून तेवीस लाखांहून अधिक मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. त्या वर्षी पेपरफुटीचं प्रकरण गाजलं, वाढीव गुण दिले आणि काढले गेले, निकाल सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. महिनाभर घराघरात जेवण गोड लागत नव्हतं. एक-दोन वर्षं क्लासात घालवून, पुन्हा परीक्षा देऊन मूल प्रवेश मिळवतं, तेव्हा ते आधीच थकलेलं असतं. आणि ज्याला एमबीबीएस मिळत नाही, ते दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, भौतिकोपचार किंवा परिचर्येकडे वळतं. या विद्याशाखा स्वतंत्र आहेत, समाजाला त्यांची गरज आहे. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं ते या सगळ्यांना एका छत्राखाली आणायला. पण नातेवाईक विचारतात, ‘का गं, एमबीबीएसला नाही लागला नंबर?’ आवडीनं नर्सिंगला गेलेल्या मुलीलाही हेच ऐकावं लागतं. मुंबईच्या कामा रुग्णालयात १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत परिचर्या शिकायला आल्या, भारतातल्या पहिल्या प्रशिक्षित परिचारिकांत त्यांची गणना होते. त्यांचं चित्र मात्र मी एकाही शाळेच्या जिन्यात पाहिलेलं नाही.

दुसरं सूत्र पैशांचं. सरकारी जागा हुकली की खासगी महाविद्यालयाचं शुल्क ऐकून मध्यमवर्गीय घराला घाम फुटतो. डोंबिवलीतली दोन खोल्यांची जागा गहाण पडते, गावाकडची जमीन विकली जाते. मग त्या मुलाला मनात आलं तरी ‘मला हे जमत नाहीये’ म्हणायची सोय राहत नाही. कर्ज पैशांचंही असतं आणि उपकाराचंही.

प्रतिनिधित्वाचं ओझंही गेलेलं नाही. मुरबाड-शहापूरच्या पाड्यावरून आलेला, घरात पहिल्यांदाच पदवी घेणारा मुलगा आजही सगळ्या गावाच्या वतीनं परीक्षा देत असतो. त्यात त्याच्या जातीवरून, राखीव जागेवरून टोमणे मारणारे भेटले तर काय होतं, याची दुःखद चर्चा मे २०१९ मध्ये मुंबईतल्या एका तरुण निवासी डॉक्टरच्या मृत्यूनंतर देशभर झाली. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, प्रकरण न्यायालयात गेलं. रॅगिंगविरुद्ध कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे. कायदा झाला म्हणून वृत्ती बदलत नाही, त्यासाठी वॉर्डातल्या ज्येष्ठांनी स्वतःकडे पाहावं लागतं.

आता खास आपल्या भागाचा एक ताण. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी देशातली पहिली प्रवासी गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत आले. या रुळांनी आपल्याला मुंबईची महाविद्यालयं मिळवून दिली. परळ, शीव, भायखळा इथं शिकणारी आपल्याकडची कितीतरी मुलं वसतिगृहात जागा मिळत नाही म्हणून किंवा परवडत नाही म्हणून रोज ये-जा करतात. सकाळी आठच्या वॉर्डासाठी पहाटे पाचला उठायचं, गर्दीत पोटाशी दप्तर आवळून उभं राहायचं, रात्री नऊला घरी येऊन पुस्तक उघडायचं. दिवसाचे तीन-चार तास असे रुळांवर जातात. आमच्या इमारतीतली परिचर्येची एक विद्यार्थिनी मला म्हणाली होती, ‘काका, अभ्यासाचं काही वाटत नाही, झोपेचं वाटतं.’

झोपेचा प्रश्न निघाला की निवासी डॉक्टरांच्या इतिहासाकडे वळावं लागतं. ‘निवासी’ हा शब्द कुठून आला? अमेरिकेतल्या बाल्टिमोर इथं १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झालं. तिथले शल्यविशारद विल्यम हॅलस्टेड यांनी पदव्युत्तर प्रशिक्षणाची जी पद्धत बसवली, तीत शिकाऊ डॉक्टरनं रुग्णालयातच राहायचं, रात्रंदिवस कामाला हजर असायचं, अशी अपेक्षा होती. हॅलस्टेड अलौकिक शल्यविशारद होते. पण भूल देण्याचे प्रयोग करता करता त्यांना कोकेनचं आणि पुढे मॉर्फिनचं व्यसन जडलं होतं, हेही आता सर्वज्ञात आहे. अशा माणसाच्या हातून बसलेली अमर्याद कामाची चौकट जगभर आदर्श म्हणून पसरली, ही इतिहासाची एक विचित्र गंमत आहे.

या चौकटीला पहिला मोठा तडा गेला तो न्यूयॉर्कमध्ये. १९८४ मध्ये लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांत दगावली. तिला पाहणारे शिकाऊ डॉक्टर किती तास सलग कामावर होते, हा प्रश्न तिच्या वडिलांनी लावून धरला. परिणामी १९८९ मध्ये त्या राज्यानं निवासी डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. आपल्याकडे १९९२ मध्ये केंद्र सरकारनं सांगितलं, की निवासी डॉक्टरांना साधारणतः सलग बारा तासांहून जास्त आणि आठवड्याला ४८ तासांहून जास्त काम देऊ नये. कागदावर आपण न्यूयॉर्कच्या कितीतरी पुढे होतो! पण २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अहवाल दिला, त्यात शिफारस आहे आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तासांची आणि एक दिवस सुट्टीची. बत्तीस वर्षांत अपेक्षा ४८ वरून ७४ वर आली, यावरून प्रत्यक्षात काय चालत असेल ते उमजावं.

हे आकडे आपल्या घरापासून दूर नाहीत. कळव्याला ठाणे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि त्याला जोडलेलं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. महाविद्यालय १९९२ पासूनचं. रुग्णालय पाचशे खाटांचं, पण त्याच्या दारी कल्याण, डोंबिवली, भिवंडी, शहापूर, मुरबाड, पार पालघरपासून रुग्ण येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये या रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले आणि महाराष्ट्र हादरला. चौकशी समिती नेमली गेली. ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाच्या पुनर्बांधणीमुळे कळव्यावरचा भार वाढला होता आणि अनेक रुग्ण अगदी अखेरच्या अवस्थेत आले होते, हेही तेव्हा पुढं आलं. गेलेल्या माणसांच्या घरच्यांचं दुःख सर्वांत मोठं. पण त्या रात्री वॉर्डात उभी असलेली पंचविशीतली मुलंही डोळ्यांपुढे आणा. नातेवाइकांच्या संतापाला पहिलं तोंड द्यायचं ते त्यांनी. खाटा किती, माणसं किती, औषधं किती, यातलं काहीच त्यांच्या हातात नसतं. ज्यावर आपला ताबा नाही त्याचा जाब द्यावा लागणं, याहून मोठा ताण दुसरा नसेल. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, पण मध्यरात्री वॉर्डात तो कुणाला आठवतो?

त्याच २०२४च्या अहवालासाठी विद्यार्थ्यांनी आपणहून माहिती भरून दिली होती. पदवीच्या शंभरातल्या सुमारे अठ्ठावीस विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आरोग्याची तक्रार असल्याचं निदान झालं आहे, असं सांगितलं. पदव्युत्तर वर्गातल्या निम्म्याहून अधिकांना साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती. ज्यांना त्रास आहे तेच अशी माहिती भरायला पुढं येतात, हे गृहीत धरलं तरी चित्र काळजीचं आहे. आणि यातले पुष्कळ जण उपचार घेत नाहीत. रुग्णाला ‘अंगावर काढू नका’ म्हणणारा डॉक्टर स्वतःचं सगळं अंगावर काढतो. आपलं दुखणं नोंदलं गेलं तर पुढं नाव खराब होईल, ही भीती त्याला असते.

या बाबतीत ठाण्याची जबाबदारी थोडी जास्तच आहे, असं मला वाटतं. १९०१ मध्ये शेठ नरोत्तमदास माधवदास यांच्या दानातून इथं मनोरुग्णालय उभं राहिलं. शंभर वर्षांहून अधिक काळ हजारो घरांना त्यानं आधार दिला. पण मराठी भाषेनं त्याची परतफेड कशी केली? ‘याला ठाण्याला पाठवा’ अशी थट्टा करून! ही थट्टा ऐकत वाढलेलं मूल आपल्या मनाचं दुखणं कुणाला सांगायला कसं धजावेल? याच ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. मनाच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे, हे या संस्थेनं तीन दशकांहून जास्त काळ लोकांना समजावलं. तरी भाषेतली थट्टा अजून पुसली गेलेली नाही. ती पुसणं आपल्या हातात आहे, त्याला सरकारी निधी लागत नाही.

आनंदीबाईंच्या आयुष्यात एक गोष्ट मात्र फार चांगली झाली. दाताच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसलेल्या एका अनोळखी अमेरिकन बाईनं मासिकात छापलेलं गोपाळरावांचं पत्र वाचलं आणि आपणहून मदतीचा हात पुढं केला. आनंदीबाईंनी मनातलं सगळं ज्या माणसाला सांगितलं, ते माणूस म्हणजे या कार्पेंटर मावशी. त्या डॉक्टर नव्हत्या, समुपदेशक नव्हत्या. त्या ऐकून घेत, औषध पाठवत, थंडीत घरी बोलावत. आपल्या शेजारच्या, नात्यातल्या अशा विद्यार्थ्याला गुण किती पडले हे विचारण्याआधी झोप होते का, जेवतोस का, घरी आलास तर बरं वाटेल, एवढं विचारणारी एक मावशी किंवा काका हवा. कुणाला फारच असह्य झालं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर त्याला एकटं सोडू नये. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनाशुल्क उपलब्ध आहे आणि तिथं मराठीतूनही बोलता येतं.

महाविद्यालयांनीही काही साध्या गोष्टी कराव्यात. कामाचे तास भिंतीवर लिहून लावावेत आणि पाळावेत. वसतिगृहात कोरडी खोली आणि गरम जेवण असावं. आजारी विद्यार्थ्याला रजा मागताना लाज वाटू नये. लांबून येणाऱ्यांसाठी रात्रपाळीनंतर पाठ टेकायला जागा असावी. फिलाडेल्फियातल्या त्या खोलीतली शेगडी कुणी वेळेवर दुरुस्त केली असती तर क्षय टळला असता असं नाही, पण त्या मुलीच्या दोन रात्री तरी धुराविना गेल्या असत्या.

आणि शाळांना एक विनंती. आनंदीबाईंचं चित्र जिन्यात जरूर राहू द्या. त्यांची जिद्द खरी आहे, ती मुलांना सांगायलाच हवी. फक्त गोष्ट पुरी सांगा. त्यांचं डोकं दुखत होतं, त्यांना घरची आठवण येत होती, नवऱ्याच्या पत्रांनी त्या दुखावत होत्या आणि हे सगळं त्यांनी लाज न बाळगता लिहून ठेवलं, हेही सांगा. पुढच्या बाकावर बसलेली, पुढे मागे नर्स किंवा डॉक्टर होणारी एखादी मुलगी तेवढंच लक्षात ठेवील आणि कधी गरज पडली तर आईला सांगेल, ‘आई, मला बरं वाटत नाहीये.’